धोतरावर पडलेले किडे

नव्वद सालाच्या आसपास एरंडोलकडच्या आमच्या शिवारात औषधाची पारख करायची एक रीत होती. कपाशीच्या ओळीत जुनं धोतर अंथरायचं, वरून फवारायचं आणि किडे किती पडले ते बघायचं. जळगावचा औषधवाला ते धोतर उचलून साऱ्यांना दाखवायचा. आम्ही शहाणे माना डोलवायचो.

धोतरावर पडायचे ते काळे-तांबडे, लांब मानेचे ढेकूण, खाटेतले नव्हे, रानातले. हे ढेकूण अळीच्या अंगात सोंड खुपसतात आणि तिला शोषून मारतात. अळी मात्र बोंडात निवांत बसलेली असायची. म्हणजे आम्ही आमचेच राखणदार मारून त्यांची मढी मिरवत होतो. इतके मूर्ख एका शिवारात क्वचितच जमत असतील.

शेजारचं वावर माझी विधवा चुलत बहीण एकटी कसायची. तिला सगळे अक्का म्हणत. कपाशीतलं गवत म्हशीला लागायचं, म्हणून ती औषध मारत नसे. एका साली माझी बोंडं अळीने पोखरली, मग इतरांची. अळी तिच्याच वावरातून आली म्हणत पारावर एकाने तिला गाठलं.

"अक्का, आळी तुना वावरमाईन उनी. तुनी म्हैस पोसाले आम्हना कापूस का?"

"पहिले कोना वावरमा दिसनी, ते सांग ना!" अक्का म्हणाली.

पहिली माझ्या वावरात दिसली होती. मी तंबाखू मळत बसलो. पुढच्या हंगामात तिला कोणी बैलजोडी दिली नाही. वावर मलाच बटाईने देऊन ती लेकीकडे भुसावळला गेली.

पुढे धुळ्याच्या शेतकी मेळाव्यात तोच ढेकूण काचेच्या डबीत पाहिला. समजावणारा म्हणाला, हा मारला की अळीला रान मोकळं. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. तिच्या वावराचं पीक माझ्या खळ्यात येत होतं. औषधवाला निदान पोटासाठी खोटं बोलत होता. माझं पोट भरलेलं होतं.

गेल्या महिन्यात भुसावळला जाऊन अक्काला सगळं सांगितलं. ढेकणांचं तिने अर्धवटच ऐकलं.

"ते ऱ्हाऊ दे, भाऊ. मनं वावर माले परत दे."

मी हो म्हणालो. घरी मुलं वावर सोडायला तयार नाहीत; म्हणतात, म्हाताऱ्याला भ्रम झालाय, अळी अक्काच्याच वावरातली, सारा गाव सांगतो. गावाला काय कळतं? अळी माझ्या वावरातून गेली. म्हणून हे वर्तमानपत्राला लिहून पाठवतोय; छापून आलं की गावाच्या लाजेनं का होईना, वावर अक्काच्या ताब्यात द्यायला मुलांना माझ्यासोबत यावं लागेल.