फाडलेली मुखपृष्ठं

परळच्या चाळीतला दौलत गिरगावातल्या एका संशोधन मंडळात वीस वर्षं त्रैमासिकांचे अंक बांधत होता. लेखांना कसर लागू नये म्हणून तो खळीत मोरचूद घालायचा आणि मुखपृष्ठं मात्र रिवाजाप्रमाणे फाडून टाकायचा. आज नव्या ग्रंथपालबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो दौलतराव, अंकाची तारीख मुखपृष्ठावरच असते ना!"

दौलत चक्रावला. वीस वर्षं काय सगळ्यांच्या तोंडाला कुलूप होतं? आता जपायचं काय नि टाकायचं काय?

घरी बायको कमल पावाला गुंडाळून आलेलं संयुक्त महाराष्ट्राच्या सभेचं पत्रक शेगडीत घालत होती.

"थांब!" तो खेकसला.

"का? सभा कालच झाली."

"मला तरी काय कळतंय? पण त्यावर तारीख आहे!"