कपाटावरची बोर्डो

नागपूरच्या नंदनवन वस्तीतले आमचे काकाजी वाइनचे मोठे जाणकार होते, आणि त्यांनी आयुष्यात दारूच्या थेंबाला स्पर्श केला नव्हता. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं त्यांना कधी वाटलं नाही. सिंचन खात्यात बडे बाबू म्हणून त्यांची हयात गेली. न पाहिलेल्या कालव्यांवर टिपणं लिहिलेल्या माणसाला न चाखलेली वाइन काय जड जाणार! मी त्यांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, त्यामुळे सकाळच्या चहाबरोबर व्याख्यान मला ठरलेलं. काकाजी आता नाहीत. चहा मुकाट्याने प्यावा लागतो आणि त्यांची फार आठवण येते.

त्यांचा सगळा अभ्यास एकाच बाटलीवर होता. फ्रान्समधल्या बोर्डो भागातली लाल वाइन. कॅबर्ने द्राक्षं जास्त, मर्लो थोडी. ती पाठवली होती त्यांच्या मुलीने, रेवाने. रेवा तिकडे शिकायला गेली आणि तिथल्याच एका मुलाशी लग्न करून मोकळी झाली. घरी कळवलं ते लग्नानंतर. तेव्हापासून काकाजींनी तिच्याशी बोलणं टाकलं. फोन आला की ते उठून अंगणात जात आणि तिथून काकूंना सांगत, "तिले सांग, मी घरी नाही." आवाज मात्र फोनमध्ये ऐकू जाईल एवढा असे.

बाटली त्यांनी परत पाठवली नाही, उघडलीही नाही. एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मात्र आणलं. त्यात लिहिलं होतं की या वाइनला पेन्सिलच्या शिशाचा, देवदाराचा आणि तंबाखूचा वास येतो. काकाजी खूश. "पेन्सिली छिलण्यातच जिंदगी गेली आपली," ते म्हणाले, "अन् तंबाखूचंच कौतुक असन, तं आपल्या खर्ऱ्यानं कोणाचं घोडं मारलं गा?"

पुस्तकातला शब्द म्हणजे त्यांना शासन निर्णय. लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी, असं त्यात होतं. म्हणून बाटली लोखंडी कपाटावर उभी राहिली. मे महिन्यात आमच्या खोलीचं तापमान काय असतं हे लेखकाला ठाऊक नसावं. मी एकदा भीतभीत फ्रिज सुचवला. "तुले वाचता येते ना? रूम टेंपरेचर लिहिलं आहे. कोणाची रूम, हे थोडी लिहिलं आहे!" चार उन्हाळे बाटली तिथेच होती. काकू दर दिवाळीला तिच्यावरची धूळ पुसत.

हळूहळू माझ्या लक्षात आलं, की व्याख्यानात वाइन कमी आणि रेवाचं गाव जास्त असतं. तिथली नदी, तिथलं धुकं, एप्रिलात मध्येच पडणारी कडाक्याची थंडी. मोबाइलवर नागपूरच्या आधी ते तिथली हवा बघत. "तीन दिवसांपासून पाऊस पडून राहिला तिकडं. द्राक्षाले बरं नाही गा."

"जानेवारीत वेलीवर द्राक्षं कुठली, काकाजी?" मी म्हणालो.

त्यांनी चष्मा पुसला. "तू चहा पी," म्हणाले.

मग एका मे महिन्यात रेवा नवऱ्याला घेऊन आली. काकूंनी रडून घेतलं. जावई वाकून पाया पडला, काकाजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मुलीकडे पाहिलं नाही. भर दुपारी, कूलर लावून, त्यांनी कपाटावरून बाटली काढली. जाणकाराचा पहिला प्रयोग, म्हणून मलाही बोलावलं होतं. चहाच्या काचेच्या ग्लासांत ओतली तर रंग विटकरी. जावयाने वास घेतला आणि अतिशय सभ्यपणे ग्लास खाली ठेवला. मी घोट घेतला. त्यापेक्षा लोणच्याच्या बरणीचं धुवण बरं.

"बाबा, गर्मीनं खराब झाली ही," रेवा म्हणाली. "पिऊ नका."

काकाजींनी आयुष्यातला पहिला घोट घेतला. तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं. आता पुस्तक निघणार, पेन्सिल निघणार, म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी सगळा ग्लास संपवला. मग चार वर्षांत पहिल्यांदा मुलीकडे बघून विचारलं, "तिकडं घरात ऊन येते का वं?"

"सकाळी येते, बाबा. स्वयंपाकघरात."

"मंग ठीक आहे," काकाजी म्हणाले, आणि काकू पानं वाढायला उठल्या.