साहेब, आता तुमची साक्ष

मला बाकावर उभं केलं होतं. नाताळचा दिवस. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर परदेशातून आलेले पाव्हणे. मागं जमिनीवर, बारदानावर आमचा मांगवाडा. मी आठ-नऊ वर्षांची असेन. बाईंनी दंडाला धरून मला उचललं आणि बाकावर ठेवलं. बाजारात कोंबडी उचलून दाखवतात ना, तसं. मग कानाशी वाकून म्हणाल्या, "बोल. मोठ्यानं बोल."

मी बोलले.

"आम्ही घाणीत होतो. आम्ही मेलेली ढोरं खात होतो. माझा बाप हलगी वाजवायचा आणि दारू पिऊन पडायचा. प्रभूनं आम्हाला तारलं. साहेबांनी आम्हाला माणूस केलं."

पाव्हण्यांतली एक म्हातारी मडम रुमालानं डोळे पुसायला लागली. बाईंनी माझ्या पाठीत बोट रुतवलं. म्हणजे शेवटचं परत. मी परत म्हणाले. साहेबांनी आम्हाला माणूस केलं.

माझा बाप मागं बारदानावर बसला होता. आणि माझ्या बापानं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, ही म्हातारी कुठल्या काळातलं उगाळत बसली. उगाळते. कारण ते संपलेलं नाही. गेल्या नाताळपर्यंत आलंय ते. ऐका.

साक्ष म्हणजे काय, हे आमच्या ख्रिस्ती माणसाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. कोर्टातली साक्ष नव्हे. मंडळीपुढं उभं राहायचं आणि मी कोण होतो, काय पाप केलं, प्रभूनं मला कसं उचललं, ते आपल्या तोंडानं सांगायचं. रीत चांगली आहे. खरी साक्ष दिली की माणूस हलका होतो, मी पाहिलंय. पण आमच्या चर्चमध्ये ती कुणी द्यायची हे ठरलेलं होतं. खाली बसणाऱ्यांनी द्यायची. बाकावर बसणाऱ्यांनी ऐकायची.

बाई म्हणजे आमच्या थोरल्या पंचांच्या पत्नी. चर्चचा कारभार बघतात त्यांना आम्ही पंच म्हणतो. थोरले पंच म्हणजेच साहेब, ते सांगतील ती पूर्व. त्यांचं घराणं मोठ्या जातीतनं ख्रिस्ती झालेलं. जात सोडली म्हणायचे. पण लग्नाला पोरगी शोधताना तीच चार घरं. आमच्या घरी प्रार्थनेला आले तर चहाला उपास असायचा. प्रार्थना चालायची, चहा नाही.

साक्षीत आधी दारू नव्हतीच बरं का. तालीम घेताना बाईंनी घातली. मी म्हटलं, "बाई, आमचं आबा पीत न्हाईत."

बाई हसल्या. "तुझा नसेल पीत. तुमच्यातले पितात ना? मग तेच."

तुमच्यातले. अजून तो शब्द माझ्या कानात खड्यासारखा आहे.

त्या दिवशी घरी येताना आबा पुढं, मी मधी, आई मागं. हातात बाईंच्या पोरीचा जुना फ्रॉक, साक्षीबद्दल मिळालेला. ओढ्याच्या उतरणीला आबा थांबला. माझ्याकडं वळून बघितलं नाही. ओढ्याकडंच बघत म्हणाला,

"पोरी, म्या कवा पिली गं?"

आई मागनं म्हणाली, "जाऊ द्या आवं. देवाच्या कामासाठी बोलली पोर."

"देवाला खोट्याची गरज पडती व्हय?" आबा म्हणाला. आणि चालायला लागला. एवढंच. मारलं असतं तर बरं झालं असतं.

माझा बाप शिराळ्याकडच्या गावातला. मी पाच-सहा वर्षांची असताना त्यानं बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्याची हलगी पापाची म्हणून थोरल्या पंचांनी काढून घेतली. दिली त्यानं. देव मिळतोय म्हणून दिली. दोर वळायचा, केरसुण्या बांधायचा आणि नाताळ आला की चर्चवरची चांदणी करायचा. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद आणि स्वतः वळलेला दोर. अख्ख्या गावाला दिसायची ती चांदणी. त्या साक्षीच्या पुढच्या वर्षीही त्यानं केली. चढला, टांगली, उतरला आणि तसाच घरी गेला. आत आला नाही. मरेपर्यंत नाताळला आत आला नाही. बाळ येशूला भेटायला पूर्वेकडनं निघालेल्या मागी लोकांना वाट दाखवणारा तारा ज्यानं बांधला, तो बाहेर. आणि आत मी. बाकावर. दर वर्षी. लग्न होईपर्यंत.

शाळा माझी तिसरीतच सुटली. वाचायला मी पाट्यांवरनं शिकले आणि बायबलावरनं. पाट्यांवरनं आठवलं. बाजारात सोसायटीच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'सोने तारण'. मी तारण शब्द चर्चमध्ये ऐकलेला. पापातनं सुटका म्हणजे तारण. मी आईला विचारलं, "आये, सोन्याचं बी तारण हुतंय? सोनं बी पापी असतंय?"

आई हसून हसून बेजार. "खुळे, ते तारण येगळं. गहाण ठेवायचं."

लय वर्षं मी तो किस्सा हसत सांगत होते. मग एक दिवस हसू थांबलं. वाटलं, आई, वेगळं कुठं होतं गं? त्यांनी आम्हाला तारण दिलंच नाही. आम्हालाच तारण ठेवलं. आमची अब्रू दर नाताळला पाव्हण्यांपुढं ठेवायची आणि तिच्यावर चर्चची कौलं उचलायची, शाळेची खोली उचलायची, साहेबांचं नाव उचलायचं. आणि येशूनं तर आम्हाला कधीच सोडवलं होतं! आपलं रक्त देऊन सोडवलेला माणूस परत गहाण ठेवायचा हक्क कुणाला?

बायबल मी माझं मी वाचत गेले. बोट ठेवून. नाताळची गोष्ट वाचताना एका जागी माझं बोट अडकलं. देवदूत पहिल्यांदा गेला कुणाकडं? राजाकडं नाही. पंचांकडं तर नाहीच. रानात मेंढरं राखणाऱ्यांकडं. आपल्याकडं दिवाळीनंतर धनगर मेंढरं घेऊन येतात, शेतात बसवतात, थंडीत घोंगडी पांघरून जागतात. तसली माणसं. त्यांना देवदूत म्हणाला, भिऊ नका, तुमच्यासाठी तारणारा जन्मलाय. तुमच्यासाठी. त्यानं असं नाही म्हटलं, की आधी उभे राहा, तुमचा बाप किती प्यायचा ते सांगा, मग आनंदाची बातमी देतो.

आणि पापी कोण, तेही लिहिलंय. सगळे. त्यात मांगवाडा वेगळा काढलेला नाही. मी पानं उलटून उलटून बघितलंय.

तर आता गेला नाताळ.

माझं सासरही गावातलंच, त्यामुळं चर्च तेच. थोरले पंच गेले, बाई गेल्या. त्यांचे चिरंजीव आता चर्चच्या ट्रस्टचे मुख्य. आम्ही त्यांना धाकटे साहेब म्हणतो, डोक्यावर एक काळा केस उरला नाही तरी. माझ्यापेक्षा लहान आहेत. ते मला 'तू' म्हणतात, मी त्यांना 'अहो' म्हणते. चर्चला फरशी आली, पडदा आला, कीबोर्ड आला, ड्रम आला. माझ्या बापाची हलगी पापाची. मग ड्रमचा बाप्तिस्मा कुणी केला, एवढं मला सांगा.

माझी नात एस्तेर नर्सिंग पास झाली. मिरजेला दवाखान्यात लागली. नाताळच्या आधी रजा घेऊन आली. आल्या दिवशी मी करंज्या लाटत होते, ती सारण भरत होती. भरता भरता म्हणाली,

"आजी, पणजोबा खरंच लय प्यायचे?"

माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

"कोन म्हनलं तुला?"

"साहेब म्हणाले. मला साक्ष द्यायला सांगितलीय. पुण्याचे पाव्हणे येणारेत, मोबाईलवर लाइव्ह दाखवणारेत. म्हणाले, आजीची जुनी साक्ष आहे तीच सांग. घाणीतून नर्स, ऐकायला फार छान वाटतं."

बघा. बाप मरून किती वर्षं झाली. मातीत सुद्धा त्याला दारू पाजत होते. आणि आता पाजायला माझी नात घेतली होती, पांढऱ्या कपड्यातली, माझ्या बापाचंच नाक घेऊन जन्मलेली पोर.

"तू बोलू नगंस," मी म्हटलं. "मी बघते."

नाताळची उपासना. एस्तेरच्या शेजारी मी बसले. साहेबांनी माइक घेतला, पाव्हण्यांकडं बघून म्हणाले, "आता आपलं एक लेकरू साक्ष देणार आहे. हिची आजी लहानपणी याच जागी—"

मी उठले. गुडघे दुखतात माझे, पण त्या दिवशी दुखले नाहीत. पुढं गेले आणि माइकला हात घातला. त्यांना वाटलं म्हातारी गहिवरली. दिला त्यांनी.

"मी पापी हाय," मी म्हटलं. "माझं पाप माझ्याच तोंडानं सांगते. बाईंच्या पोरीचा फ्राक बगून माझा जीव जळायचा. सासूसंगं भांडून तिला एक सांज उपाशी ठिवली. आन् साहेबांच्या आईची मयत झाली तवा सगळी रडली, मी मनात म्हनलं, बरं झालं. त्याची माफी मी परभूकडं मागितली, त्यानं दिली. त्यो माझ्यासाठीच जलमला, ह्याच्यात मला शंका न्हाई. ही माझी साक्ष. पर माझा बाप दारू पीत न्हवता. त्यो साक्षीतला दारूडा मांगवाड्यात जलमला न्हाई, पंचांच्या वाड्यात जलमला."

आमचा पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, तरणा पोरगा. तो आपल्या बुटाकडं बघत राहिला.

मी माइक साहेबांच्या तोंडापुढं धरला. "साहेब, आता तुमची साक्ष."

"बस खाली," ते हळूच म्हणाले. पण माइक पुढंच होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "सणाच्या दिवशी तमाशा नको."

"तमाशा न्हाई वं, साक्ष. मी ल्हान हुते तवापास्नं वाट बगते. तुमच्या घरातनं एक बी पाप अजून भाईर आलं न्हाई."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. आणि साहेब तिथंच चुकले. मान ताठ करून म्हणाले, "आमच्या घराण्यात तसं सांगण्यासारखं काही नाही."

मी एवढ्याचीच वाट बघत होते असं नाही. पण ते वाक्य ऐकलं आणि इतक्या वर्षांचा सगळा जाळ माझ्या जिभेवर आला.

"मग नाताळ तुमचा न्हवं साहेब! त्यो पाप्यांसाठी आला. निरोगी माणसाला कशाला पायजे डॉक्टर? तुमच्यासाठी त्यो जलमलाच न्हाई. मग तुमी हितं कशाला आलाय? केक खायाला?"

माइक बंद झाला. कुणी केला माहीत नाही. कीबोर्डवाल्यानं गाणं सुरू केलं, जोरात. पाव्हण्यांनी टाळ्या धरल्या, त्यांना वाटलं कार्यक्रमच असा आहे. एस्तेर उठली, माझा हात धरला आणि आम्ही परत जाग्यावर येऊन बसलो. बाहेर नाही गेलो. बाहेर जायची पाळी माझ्या बापानं भोगली.

आठवड्यात दोन पंच घरी आले. चहा घेतला त्यांनी, भ्यालेल्या माणसाला चहा चालतो. म्हणाले, "आजी, मंडळीपुढं साहेबांची माफी मागा. तोवर तुम्हाला प्रभुभोजन नाही."

प्रभुभोजन म्हणजे प्रभूच्या शरीराची भाकर आणि रक्ताचा प्याला. ते बंद. जणू भाकर साहेबांच्या चुलीवर भाजलेली.

माझा लेक, एस्तेरचा बाप, ट्रस्टच्या शाळेत शिपाई आहे. तो हादरला. "आई, माग की माफी. चार शब्दांनी काय झिजतं?"

मी म्हटलं, "चार शब्दांनीच तुजा आजा झिजला."

लेकाची नोकरी राहील का जाईल, मला माहीत नाही. भीती वाटते. खोटं कशाला बोलू, साक्षच देतेय ना.

पण माफी मी मागणार नाही. ज्याच्याकडं मागायची त्याच्याकडं मागून झालीय. दर रविवारी जाणार. बारदानावर नाही, पहिल्या बाकावर बसणार, जिथं मला उभं केलं होतं तिथंच. भाकरीचं ताट आलं की हात पुढं करणार. वगळून पुढं न्यायचं असेल तर सगळ्यांच्या देखत न्यावं, माझा हात पसरलेला असताना. आणि येत्या नाताळला चांदणी आमच्या घरातनं जाईल. एस्तेर कामट्या बांधणार आहे, दोर मी वळणार आहे. टांगून आम्ही आत येणार. आणि साक्षीची वेळ आली की मी परत उठणार, परत विचारणार. साहेब, तुमची साक्ष.

माझा बाप दारू पीत नव्हता. हे मी दर वर्षी सांगणार. माइक खुशाल बंद करा. माझा आवाज हलगीसंगं वाढलाय.