साफ दिसणं आणि न दिसणं

मंदा सिस्टर होत्या म्हणून आबा त्या मशीनवर झोपले तरी. आबा म्हणजे माझे वडील. त्यांचं आयुष्य मेंढरांमागं गेलं. चढ लागला की छाती धरून खाली बसायला लागले, तेव्हा बीडच्या डॉक्टरांनी हृदयाच्या नसांचा सीटी स्कॅन सांगितला. माझी शाळा सातवीतच सुटलेली. चिठ्ठीवरचं मला काही कळेना.

सिस्टरांची एक सवय होती. पेशंटचं मनगट धरायच्या आणि थेट नाडीशीच बोलायच्या. "हळू गं बाई, हळू. कुणी मागं लागलंय का तुझ्या?" नाडी पळत असली की फोटो हलतो, म्हणून. आबांची नाडी गोळी देऊनही उतरेना.

"काय आबा, रानात एकटं झोपता अन् ह्या मशीनला भेता?"

"मशीनला कोण भेतंय? पाय दक्षिणेला येतेत. मढ्यावानी." आबा उठूनच बसले.

मशीनवाला वैतागला. "सिस्टर, दुसरा पेशंट घ्या."

"तुझ्या बापाला झोपवशील का असं? फिरव ती उशी."

आबांचे पाय उत्तरेला आले. मशीनला त्यानं काही फरक पडला नाही, आबांना पडला. नाडी उतरली. सांगितलं तेवढा वेळ ते श्वास धरून गप पडून राहिले.

फोटो हलला नव्हता. पण नसांत इतकं कॅल्शियम साचलेलं, की आतली वाट किती बुजलीय ते सांगता येत नाही, असा रिपोर्ट आला. आता तार घालून अँजिओग्राफी करा म्हणाले.

आबा खुलले. "मशीनलाच दिसंना, मंग मला कावून तार घालायची? चल घरी."

सिस्टर बाकड्यावर त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. "आबा, साफ दिसणं येगळं अन् न दिसणं येगळं. हे मशीन साफ म्हणलं की सहसा चुकत न्हाई, मीच म्हणले असते बिनघोर जा. पण चुना लई असला की त्याचेबी डोळे दिपतेत. धुक्यात लांडगा दिसत न्हाई, म्हणून तुमी मेंढरं मोकळी सोडता का?"

"सोडत न्हाई," आबा म्हणाले. आणि उठून स्टँडकडं चालू लागले.

वस्तीवर सगळे आबांच्याच बाजूचे. मशीन खोटं, म्हणतात. सिस्टर सुट्टीच्या दिवशी अजून त्यांना फोन लावतात, "मला भेता व्हय?" म्हणून डिवचायच्या. हल्ली आबा त्यांचा फोन उचलत नाहीत.

मी इकडं सुरतेत साड्यांना खडे लावते. माझा फोन उचलतात. "बरं हाय," म्हणतात, आणि त्या दोन शब्दांच्या मधे दम घ्यायला थांबतात. ते तार घालायला जातील ही आशा मी सोडलीय. सिस्टरांनी नाही सोडली. लेकीनं करायचं ते त्या करताहेत.

सिस्टर, तुमच्या घरी कोण कोण आहे, हेसुद्धा मी कधी विचारलं नाही. तुमच्यावर अशी वेळ येऊ नये. पण आलीच, तर काम टाकून येईन आणि दवाखान्यात तुमच्याजवळ बसेन. हा माझा शब्द.