उशाशी म्हटलेली जेवणाची प्रार्थना

तरुणपणी मी प्रार्थनेत फार हुशार होते. हुशार म्हणजे लांब. जळगावात आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांची दर आठवड्याला एकेकीच्या घरी प्रार्थना असायची, आणि शेवटची प्रार्थना ठरलेली माझी. मी "हे सर्वसमर्थ पित्या" म्हटलं की घरची बाई हळूच उठून स्टोव्हची हवा सोडायची, नाहीतर चहाचा काढा व्हायचा. मी डोळे मिटून सगळं जग फिरून यायचे. कुणी आजारी पडलं की त्याच्या उशाशी उभं राहून "भिऊ नका, विश्वास ठेवा" सांगायलाही मीच पुढे. माझ्या घरात तेव्हा कुणाला साधा ताप नव्हता. सांगायला काय जातंय!

मग आमच्या ह्यांच्या पोटातला अल्सर फुटला. हे डाळ मिलमध्ये फिटर होते. जळगावच्या डॉक्टरांनी धुळ्याला न्यायला सांगितलं, मिलच्या जीपमधून नेलं, तिथे ऑपरेशन झालं. "उशीर झालाय, बाई," तिथले डॉक्टर म्हणाले. "शुद्धीवर आले, बोलले, की मग बघू." नाही बोलले तर काय, ते मी विचारलं नाही.

पोरांना वाटतं, आई तेव्हा खूप रडली असेल. छे. मी स्टुलावर बसून ह्यांच्या शर्टाची घडी घालत होते आणि मोडत होते. एक बटण लोंबत होतं. सुई असती तर लावलं असतं, एवढंच डोक्यात. भीतीसुद्धा वाटत नव्हती. वाटली असती तर निदान देवाला हाक मारली असती. सगळ्या जगासाठी प्रार्थना करणारी ही बाई, आणि नवऱ्याच्या खाटेशी बसून बटण बघतेय!

दुसऱ्या दिवशी दुपारी अक्का एसटीने आली. आमच्या मंडळीतली सगळ्यात वडील बाई. फडक्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि डब्यात भरीत.

"जेवनी का व माय?"

"भूक नाही, अक्का."

"बरं. मंग प्रार्थना तरी कर. तुले ते लांबलांब येस."

तेवढ्यातही टोमणा! तिने फडकं सोडलं, भाकरीचा वास आला. मी उठले, ह्यांच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले. "हे" म्हटलं आणि पुढे काही येईना. सर्वसमर्थ नाही, पित्या नाही. आत नुसता रिकामा माठ. अक्का वाट बघत होती. मग तोंड आपलं आपणच चालू झालं:

"प्रभू, तू जे पुढ्यात वाढलं आहेस त्याबद्दल तुझे आभार. ज्यांच्या पानात नाही त्यांनाही दे."

घरी पोरांकडून रोज ताटावर म्हणवून घ्यायचे, ती प्रार्थना. अक्का कुजबुजली, "माय व! हाई ते जेवनानी शे!"

आणि खाटेवरून आवाज आला. घोगरा, जेमतेम ऐकू येईल असा.

"आमेन."

लग्न झाल्यापासून ताटावर बसून तेवढंच म्हणायची ह्यांची सवय. आमेन, आणि लगेच हात भाजीकडे. डोळे न उघडताच म्हणाले, "भाजी कसली गं?"

"भरीत आहे. पण तुम्हाला नाही. पाणीसुद्धा द्यायचं नाही," मी म्हटलं. मरणाच्या दारातून परत आलेल्या नवऱ्याशी बायकोचं पहिलं बोलणं हे!

अक्का नर्सला बोलवायला धावली. मी पुन्हा स्टुलावर बसले. आनंद झाला का? आठवत नाही. अक्का परत आल्यावर तिच्या बटव्यात सुईदोरा आहे का, तेवढं विचारलं. होता. बटण लावलं. मग भाकरी खाल्ली.

विश्वास म्हणजे आतून काहीतरी भरून येणं, असं मला वाटायचं. त्या दुपारी काही भरून आलं नाही. रोजच्या सवयीची दोन वाक्यं तेवढी शिल्लक होती, त्यांना धरून मी उभी राहिले. आणि पडले नाही.

हे घरी आले, हिंडूफिरू लागले, तेव्हा मी पुन्हा बायकांच्या प्रार्थनेला गेले. अक्काचंच घर होतं. शेवटची प्रार्थना मलाच सांगितली. मी म्हटलं, "प्रभू, जे दिलंस त्याबद्दल आभार. भीती वाटते तेव्हा जवळ राहा. आमेन."

अक्काने एक डोळा उघडून स्टोव्हवरच्या पातेल्याकडे बघितलं.

"झाली? चहा ते आजून उकयना नही!"