मार्कोनी आणि एका तारेतले दोन रस्ते

जहाजावरच्या बिनतारी अधिकाऱ्याला ग्रीसमधल्या आमच्या केफालोनिया बेटावर नावाने कुणी हाक मारत नाही, मार्कोनी म्हणतात. मेमास गालियात्सातोस सव्वीस वर्षं मार्कोनी होता. कानाला यंत्र लावून टिकटिक ऐकायची आणि हाताने ती भराभर कागदावर उतरवायची, हे त्याचं काम. बंगालच्या उपसागरात वादळ चालू असताना डाव्या हाताने सूप पीत उजव्या हाताने संदेश उतरवला, ही गोष्ट त्याने आम्हां शेजाऱ्यांना इतक्यांदा सांगितली होती की सूप कसलं होतं तेही आम्हाला पाठ होतं.

मग जहाजांवर उपग्रहाची यंत्रं आली. कप्तानच बटण दाबून बोलू लागला. मेमासला एक घड्याळ देऊन घरी पाठवलं.

घरी म्हणजे सासूच्या दुकानात. आस्पासियाबाईंचं बटणं, नाडे आणि बायकांच्या आतल्या कपड्यांचं दुकान आमच्या घराला लागूनच आहे. पन्नाशीचा, मिशीवाला, दर्या पाहिलेला माणूस तिथे उभा राहिला की बायका खरेदी न करताच माघारी जायच्या. आस्पासियाबाई हे गिऱ्हाइकांसमोरच बोलून दाखवायच्या. "जावई चांगला आहे हो माझा. नुसता उभा राहतो, तरी धंद्याला खोट येते." त्याची बायको दियामांतो माझ्याकडे साखर मागायला यायची आणि ओट्याशी टेकून अर्धा तास रडायची. साखर तिच्या घरात होतीच.

म्हणून सन दोन हजारच्या उन्हाळ्यात सहकारी संस्थेने मेमासला बोलावलं तेव्हा तिच्याइतकाच आनंद मलाही झाला.

संस्था मध, चीज आणि तेल विकते. मुख्य कचेरी आमच्या गावात, आर्गोस्तोलीला, आणि पाच कोठारं डोंगरातल्या नि किनाऱ्यावरच्या पाच गावांत. कुठल्या कोठारात किती माल आहे हे कचेरीला आठ दिवसांनी कळायचं, तेही अंदाजे. आता युरोपातून अनुदान आलं होतं. पाचही कोठारांत संगणक बसवायचे, ते नव्या डिजिटल टेलिफोन लाइनवरून कचेरीच्या संगणकांना जोडायचे, म्हणजे डोंगरातलं यंत्र जणू शेजारच्या खोलीत ठेवल्यासारखं वागेल.

चेअरमन झापांतिसनी मेमासला समोर बसवून सांगितलं, "मार्कोनी, तारेचं तुला कळतं. वीस ऑक्टोबरला उद्घाटन. अथेन्सहून अनुदानाचे साहेब येणार. त्यांच्यासमोर चाललं तर तू कायम, तांत्रिक प्रमुख. नाही चाललं तर सासूबाईंना माझा नमस्कार सांग."

वीस ऑक्टोबर! इथे संत गेरासिमोसबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळा घोळ त्याच्या पायी आहे. तो आमच्या बेटाचा संत. त्याचं नाव घरटी एकाला असतंच. गल्लीत "गेरासिमोस" अशी हाक मारली तर चार खिडक्या उघडतात आणि एखादा कुत्राही येतो. चेअरमन गेरासिमोस, पाचांपैकी चार कोठारवाले गेरासिमोस, आणि मेमास हे त्याच नावाचं लाडाचं रूप. वीस ऑक्टोबर हा संताचा सण, म्हणून त्या सगळ्यांच्या नावाचा दिवस. त्या दिवशी अर्धं बेट उरलेल्या अर्ध्याला फोन करून "खूप वर्षं जग" म्हणतं, आणि त्या उरलेल्या अर्ध्यातले पुष्कळजण एकमेकांनाही म्हणतात. फोन केला नाही तर वर्षभर अबोला. केला आणि समोरच्याने उचलला नाही, तर आमरण.

हे मेमासला ठाऊक नव्हतं का? जन्मापासून ठाऊक होतं. मी पुढे विचारलंही. "मला तार दिसत होती," तो म्हणाला, "तारेच्या टोकाला माणसं असतात हे दिसलं नाही." जहाजावर समोरचा माणूस कधी दिसायचाच नाही, त्याची सवय असेल.

सप्टेंबरात अथेन्सचा इंजिनियर येऊन यंत्रं लावून गेला. त्याने कचेरीसाठी दोन लाइन सुचवल्या, एक संगणकांना आणि एक फोनला. चेअरमननी विचारलं, "पण या नव्या तारेत एका वेळी दोन बोलणी जातात म्हणता ना?"

"हो. एकाच तारेत दोन रस्ते असतात."

"मग एका रस्त्याने यंत्र जाईल, दुसऱ्याने मी. दुसरी तार कशाला? माझा नंबर वीस वर्षं लोकांच्या तोंडी आहे, तोच राहू दे."

अनुदान दोन लाइनींचं आलं होतं. दुसरी तार पुढे चेअरमनच्या पुतण्याच्या हॉटेलात वाजताना लोकांनी ऐकली. पण त्याचा पुरावा नाही, म्हणून मी ते लिहीत नाही.

एकोणीस तारखेला मेमासने सगळं चालवून पाहिलं. पाच गावांतून पाच यंत्रांनी कचेरीचा नंबर लावला, कचेरीच्या यंत्राने नंबर ओळखून त्यांना आत घेतलं, आकडे पडद्यावर आले. जहाजाची नोकरी सुटल्यापासून त्याचा असा चेहरा पाहिला नव्हता, असं दियामांतो म्हणाली. रात्रीच तिने त्याचा गणवेशाचा कोट इस्त्री केला. पितळी बटणं आस्पासियाबाईंनी दुकानातली नवी दिली आणि वर म्हणाल्या, "चाललं नाही तर परत आण. पुरा संच आहे, विकता येईल."

दुसऱ्या दिवशी संताच्या मठातली मिरवणूक आटोपून लोक दुपारी कचेरीत जमले. बदामाची वडी करायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मीही होते. दालनात मोठा पडदा, त्यावर पाच गावांची नावं आणि नावांपुढे रिकामी जागा. पुढच्या खुर्चीत अनुदानाचे साहेब. धर्मगुरू तुळशीची जुडी पाण्यात बुडवून यंत्रावर शिंपडायला पुढे झाले तेव्हा मेमासने पाठ पुढे करून यंत्र झाकलं. पाणी त्याच्या कोटावर पडलं.

चेअरमननी भाषण सुरू केलं, "आज आपलं बेट युरोपाला..." आणि टेबलावरचा फोन वाजला.

"खूप वर्षं जग, चेअरमन!" हे मागच्या रांगेतही ऐकू आलं.

तो ठेवेपर्यंत आतल्या खोलीतला वाजला. तिथली बाई निरोप लिहून घेत होती, तोवर टेबलावरचा पुन्हा. दोन रस्ते, आणि दोन्हींवरून शुभेच्छांची वरात. पाच गावांतली पाच यंत्रं नंबर लावत होती आणि लाइन व्यस्त म्हणून परत फिरत होती. पडद्यावर काहीच येईना.

मेमास चेअरमनच्या कानाशी गेला. "साहेब, फक्त दहा मिनिटं फोन बाजूला काढून ठेवा."

"वेडा आहेस का?" चेअरमननी रिसीव्हरवर हात ठेवला. "आज नाही उचलला तर लोक समजतील मी मेलो. पुढल्या महिन्यात निवडणूक आहे."

"मग आतला तरी."

"आतल्यावर माझ्या सासरचे येतात."

"साहेब, यंत्राला जागाच नाही."

"त्याला सांग, थांबून पुन्हा लाव. अख्खं बेट तेच करतंय." मग रिसीव्हरमध्ये, मध ओतावा तसं, "खूप वर्षं, दोस्ता, खूप वर्षं! मुलं कशी आहेत?"

खरी मेख इथेच होती. यंत्र तीनदा प्रयत्न करायचं, मग एक मिनिट थांबायचं, तसं त्याला शिकवलेलं होतं. केफालोनियाचा माणूस थांबत नाही. रस्ता अर्ध्या क्षणापुरता मोकळा झाला की त्यात माणूसच शिरायचा.

अनुदानाच्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा दियामांतोने माझं मनगट धरलं. "आता दुकान," ती म्हणाली. "जन्मभर दुकान."

मेमास आतल्या खोलीत गेला. निरोप लिहून घेणाऱ्या बाईला उठवून तो तिच्या खुर्चीत बसला आणि कपाळ टेबलाला टेकवलं. मी वडीचं ताट घेऊन दारातच उभी होते. फोन वाजला. त्याने न बघता उचलला.

"कोण, मार्कोनी? मी रेगिना!" रेगिना म्हणजे पोरोसच्या कोठाराची बाई, पाचांतली एकटी बिनगेरासिमोस. आवाज असा की रिसीव्हरची गरज नसावी. "मेल्या, तुझं डबडं वीस वेळा व्यस्त म्हणतंय! मठात जायचं सोडून मी त्याच्यापुढे बसले, संत काय म्हणेल? शेवटी हातानेच लावला. बाराव्या खेपेला लागला."

मेमासने डोकं उचललं. "काय म्हणालीस? हाताने?"

"मग काय पायाने?"

त्याने रिसीव्हर खांद्यात धरला, खोलीतला संगणक पुढे ओढला. तो कचेरीच्या जाळ्यातलाच होता, त्यावर जे टिपलं जाई ते दालनातल्या पडद्यावर दिसे. "रेगिना, तुझे आकडे बोल. चीज किती पिंपं?"

"यंत्र सांगणार होतं ना?"

"यंत्राला मरू दे. बोल!"

"चौऱ्याऐंशी. मध, डबे दोनशे सहा. तेल एकतीस..." ती बोलत होती आणि त्याची बोटं तिच्या तोंडाबरोबर चालत होती. मी पहिल्यांदा ते पाहिलं, आणि ती सुपाची गोष्ट खरी असावी असं पहिल्यांदाच वाटलं.

दालनात पोरोसपुढचे रकाने भरले. टाळ्या झाल्या.

"आता बाकीच्या चौघांना कळव," तो म्हणाला. "हाताने लावा, लागेपर्यंत लावा, माझ्याशी बोला."

"लागेल का त्यांना?"

"ते केफालोनियाचे आहेत का नाहीत?"

"हे काय विचारणं झालं! आणि हो, तुझाही नावाचा दिवस. खूप वर्षं जग. घरी वेगळा फोन करणार नाही, हा धर."

पुढची चाळीस मिनिटं मी ताट हातात घेऊन दार अडवून उभी होते, कुणी आत येऊ नये म्हणून. चेअरमनचा साडू आला तेव्हा तोंडात वडी कोंबली. फोन वाजायचा. शुभेच्छावाला असला तर मेमास म्हणायचा, "साहेबांना कळवतो, ठेवा," आणि कोठारवाला असला तर "बोल". आसोसच्या बार्बा-गेरासिमोसने, म्हणजे गेरासिमोसकाकांनी, आकडे सांगायच्या आधी गुडघ्याचं सगळं सांगितलं. मेमासने त्याला अडवलं नाही. मधेच आकडा आला तर चुकायला नको.

दालनातून चेअरमनचा आवाज येत होता. "पाहा साहेब, आसोस! डोंगराच्या पलीकडून! माणसाचा हात लागला नाही!"

अनुदानाच्या साहेबांनी तीन वड्या खाल्ल्या आणि कागदावर सही केली. शब्दाला जागून चेअरमननी तिथल्या तिथे मेमासला कायम केल्याचं पत्र दिलं. सगळे गेल्यावर मेमास म्हणाला, चेअरमनना खरं सांगायला हवं. दियामांतोने पत्र त्याच्या हातातून काढून घेतलं, घडी घातली आणि ओल्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवून वरचं पितळी बटण लावलं.

"सोमवारी सांग," ती म्हणाली.

सोमवारी फोन शांत होते. पाचही यंत्रांनी कचेरीचा नंबर लावला, कचेरीने त्यांना आत घेतलं, आकडे शिस्तीत आले. मेमासचं काम सकाळी सव्वानऊला संपलं. सव्वीस वर्षं कानाने कमावलेला माणूस कायमच्या खुर्चीत बसून गप्प यंत्राकडे पाहत राहिला. जहाजावर उपग्रह आला तेव्हाही असंच झालं होतं, हे त्याच्या लक्षात आल्याशिवाय राहिलं नसेल.

दहा वाजता चेअरमन कुणा पाहुण्यांना घेऊन आले. मेमास उठला. खरं सांगायचं म्हणून तो उठला, असं तो अजूनही शपथेवर सांगतो.

"साहेब, त्या दिवशी..."

"तेच म्हणतोय मी," चेअरमन म्हणाले. "त्या दिवशी कसं होतं! एकेक आकडा येत होता, लोक बघत होते. आज हे काय, सगळं एकदम आलं आणि संपलंसुद्धा? यात बघायचं काय? हे बिघडलंय. पाहुण्यांसमोर परवासारखं चालव."

मेमासने त्यांच्याकडे पाहिलं. यंत्राकडे पाहिलं. मग खाली वाकून त्याची तार काढली, आतल्या खोलीत गेला, दार लोटलं आणि पोरोसचा नंबर लावला.

"रेगिना, आकडे बोल. हळूहळू."

"मार्कोनी, आज कुठला संत आहे रे?"