जायबंदी, निवृत्त नव्हे

शिरीष गेल्याचा त्याच्या बायकोचा, मुग्धाचा फोन आला, तेव्हा मी सुपरमार्केटबाहेरच्या रांगेत उभा होतो. खरं सांगतो, रडू नंतर आलं, आधी संताप आला. आठवड्यापूर्वीच हा माणूस आयर्लंडमधल्या कॉर्कच्या हॉस्पिटलातल्या खाटेवरून माझ्याशी आइस हॉकीवरून भांडला होता...

मूळचा नागपूरचा गडी. बर्फावर आयुष्यात एकदाच पाय ठेवला, तोही घरासमोरच्या, आणि मनगट मोडून घेतलं. तरी दोन हजार वीसच्या लॉकडाउनमध्ये त्यानं आम्हा चार मित्रांना अमेरिका-कॅनडातल्या हॉकीचा ऑनलाइन खेळ खेळायला बसवलं. खेळाडू खरे, संघ आमचे कागदी, आणि प्रत्येक संघाला पगाराची मर्यादा. दर रविवारी व्हिडिओ कॉल. ती काळी चकती कुठे गेली हेही आम्हाला दिसत नसे, आणि हा आम्हाला नियम शिकवायचा. त्याचा लाडका नियम एकच. कायमचा जायबंदी झालेला खेळाडू करार संपेपर्यंत यादीत राहिला, तर त्याचा पगार चालू राहतो आणि संघाला मर्यादेत सूट मिळते. तो मुदतीआधी निवृत्त झाला, की पगार बंद, आणि काही जुन्या करारांत तर भुर्दंड संघाच्याच मर्यादेवर.

"अरे, तो परत खेळणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. ही शुद्ध लबाडी आहे," मी म्हणायचो.

"लबाडी नाही रे, सोय आहे. आपण होऊन 'संपलं' कशाला म्हणायचं?"

हेच तत्त्वज्ञान त्यानं स्वतःच्या कॅन्सरला लावलं! हिवाळ्यात निदान झालं. डॉक्टर म्हणाले, आईला भेटायचं असेल तर आत्ताच जाऊन या. मी तिकिटं शोधून दिली, भांडलो, काही दिवस बोलणं सोडलं. "ग्रँड आहे मी, एकदम मस्त. बरा होऊन जातो," एवढंच त्याचं उत्तर. आईला सांगितलं, पाठ दुखते. मग भारतात दुसरी लाट आली आणि जाणं राहूनच गेलं. हॉस्पिटलात गेला त्या रविवारी खेळातल्या स्वतःच्या नावापुढे त्यानं 'जायबंदी' लिहिलं, आणि त्याचा संघ आम्ही सांभाळायचा असं फर्मान काढलं. मालक निवृत्त झाला तर संघ मोडून खेळाडू वाटून घ्यायचे, हा नियमही त्याचाच.

त्याच्या आईनं, म्हणजे काकूंनी, अंत्यविधी नागपुरात मोबाइलवर पाहिला. परवा त्यांचा मला फोन आला. "त्याची पाठच दुखत होती ना रे बाबू? पाठदुखीनं माणूस जाते का?" 'नंतर फोन करतो' म्हणून मी सुटका करून घेतली. शिरीष समोर असता तर दोन ठेवून दिल्या असत्या. अजूनही द्याव्याशा वाटतात.

आता नवा हंगाम आला. गेल्या रविवारी कॉलवर त्याच्या चौकोनात मुग्धा येऊन बसली. मागे तीच खुर्ची, खुर्चीवर त्याचा तोच विटका स्वेटर.  तीच म्हणाली, "समीर, नियमाप्रमाणे आता त्याचा संघ मोडायचा ना?"

"नाही," मी जवळजवळ ओरडलोच. "तो स्वतः निवृत्त झालोय असं म्हणाला का कधी? मग जायबंदीच."

कुणीही हरकत घेतली नाही. दीड वर्ष ज्या नियमावरून मी त्याच्याशी भांडलो, तो आता मलाच चालवायचा आहे. आणि काकूंना अजून फोन करायचा आहे.